शोकाच्या काळात देवाचा शोध

(दिवंगत रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी भरलेल्या स्मरणसभेत, रुग्णालयाच्या प्रार्थना व समुपदेशन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभराच्या कामाचे तक्ते असतात. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंना सवलत मिळाली, हे त्यात दिसते. जमाखर्चाची पै न् पै मांडलेली असते. मृत्यू पावलेल्या रुग्णांची संख्याही एका ओळीत येऊन जाते. परंतु त्या ओळीमागे जी माणसे उरतात, रिकामी पिशवी आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जी घरी परततात, त्यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. आजचे हे चार शब्द त्या न नोंदलेल्या माणसांसाठी आहेत.

आपल्यापैकी बरेचजण ख्रिस्ती आहेत, अनेकजण नाहीत. या रुग्णालयाचे दार सर्वांसाठी सारखेच उघडे आहे आणि अश्रूंना धर्म नसतो, हे आम्ही रोज पाहतो. तरीही आज आम्ही ख्रिस्ती शास्त्राच्या आधाराने बोलणार आहोत, कारण जो प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो तो श्रद्धावंत ख्रिस्ती कुटुंबांतूनच अधिक तीव्रतेने येतो. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, शवागाराच्या पायऱ्यांवर, कधी दफनविधी उरकून महिना लोटल्यावर, माणसे आम्हांस विचारतात, ‘आम्ही इतकी प्रार्थना केली, मग देव कोठे होता?’ त्याहून हळू आवाजात काहीजण सांगतात, ‘आता प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाही. आमचा विश्वास संपला का?’

या दुसऱ्या प्रश्नाने आम्हांस अधिक अस्वस्थ केले आहे. ज्याचे माणूस गेले त्याच्यावर एक दुःख कोसळलेले असतेच. त्यात ‘माझा विश्वास कमी पडला’ हे दुसरे ओझे त्याच्या खांद्यावर येते, आणि हे ओझे पुष्कळदा आपणच, भेटायला येणारी चांगली माणसे, नकळत ठेवतो. ‘देवाची इच्छा होती’, ‘देवाला चांगलीच माणसे हवी असतात’, ‘रडू नका, ते स्वर्गात आहेत’ ही वाक्ये प्रेमानेच उच्चारली जातात. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते, की आता रडायचे नाही आणि विचारायचेही नाही. शोकात देवाला शोधणे म्हणजे रडणे आवरणे किंवा प्रश्न गिळणे, असा पवित्र शास्त्राचा आदेश आहे काय? आमचे नम्र सांगणे असे, की शास्त्राची साक्ष नेमकी याच्या उलट आहे.

प्रथम स्तोत्रसंहिता पाहू. त्यात दीडशे स्तोत्रे आहेत. ती देवाच्या स्तुतीची, आनंदाची आणि उपकारस्मरणाची म्हणून आपल्या परिचयाची आहेत. परंतु त्यांतील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘किती काळ’, ‘का’, ‘कोठे’ असे प्रश्न त्यांत देवालाच विचारलेले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रांच्या अखेरीस आशेचा एखादा किरण येतो. ८८ व्या स्तोत्रात तोही येत नाही. ते काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते. ज्यांनी ही स्तोत्रे संग्रहित केली त्यांनी हे स्तोत्र गाळले नाही आणि त्याला गोड शेवटही जोडला नाही. उपासनेच्या पुस्तकात त्याला जागा मिळाली, कारण ज्याला आज आशा दिसत नाही अशा मनुष्यासाठीही देवासमोर उभे राहण्याचे शब्द असावेत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या स्तोत्रातील माणूस देवाविषयी लोकांजवळ गाऱ्हाणे करीत नाही, तो देवाशीच बोलतो. ज्याच्याशी आपला संबंध उरला नाही त्याच्याकडे कोणी तक्रार घेऊन जात नाही. लहान मूल रागाने आईच्या छातीवर मुठी आपटते तेव्हा ते आईच्या कुशीतच असते. म्हणून ज्यांच्या तोंडी आज स्तुती येत नाही, केवळ ‘का?’ एवढाच शब्द येतो, त्यांनी स्वतःला देवापासून तुटलेले समजू नये. तो एक शब्दही प्रार्थनाच आहे.

विलापगीत नावाच्या पुस्तकाचीही अशीच कथा आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, लोक बंदिवान करून नेले. त्या विनाशावरील हे पाच विलाप आहेत. मूळ इब्री भाषेत वर्णमालेची अक्षरे बावीस, आणि पहिल्या चार विलापांतील कडवी त्या अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे सहासष्ट ओव्या आहेत. सारे शहर राख झाले असता कोणी अक्षरे मोजत बसेल काय, असे आपल्याला वाटेल. परंतु ज्यांनी शोक जवळून पाहिला आहे त्यांना यातील मर्म कळेल. अमर्याद दुःखाला कोठेतरी काठ लागतो. पाणी भांड्यात घेतले तरच ते उचलता येते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे बोलून टाकायचे, काहीही मागे ठेवायचे नाही, आणि तरीही त्याला एक क्रम द्यायचा. आपल्याकडे दफनाची प्रार्थना, महिन्याची उपासना, वर्षाचे स्मरण यांमागेही हेच शहाणपण आहे. वसईत, गोव्यात आणि इतरत्र कॅथलिक बांधव दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. या रीतींनी दुःख नाहीसे होत नाही. त्यांच्यामुळे दुःखाला वर्षातून एक दिवस आणि बसायला एक जागा मिळते.

ईयोबाची कथा सर्वांना ठाऊक आहे. एका दिवसात त्याने सात मुलगे, तीन मुली आणि सारी मालमत्ता गमावली. त्याच्या तीन मित्रांनी आरंभी जे केले ते फार थोर होते. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि देवाच्या बाजूने युक्तिवाद सुरू केला, तेव्हा ते ईयोबाला छळू लागले. पुस्तकाच्या अखेरीस देव निवाडा देतो तो कोणाच्या बाजूने? देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर तो संतापतो, आणि ज्याने देवालाच जाब विचारला त्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवतो. भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा निवाडा ध्यानी ठेवावा.

त्याच शेवटच्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. ईयोबाला त्याची संपत्ती दुप्पट होऊन मिळाली. सात हजार मेंढरांच्या जागी चौदा हजार, तीन हजार उंटांच्या जागी सहा हजार. मुले मात्र दुप्पट झाली नाहीत, पुन्हा दहाच झाली. जुन्या भाष्यकारांनी यावर असे म्हटले आहे, की गेलेली मेंढरे गेली, परंतु गेलेली मुले देवाच्या हिशेबात हरवलेली नव्हती. ती मोजलेलीच होती. आमच्या प्रसूती विभागात ज्या मातेचे बाळ जगत नाही तिला ‘दुसरे होईल’ असे सांगण्याची घाई होते. दुसरे झाले तरी पहिले मोजावेच लागते, हे त्या मातेला माहीत असते, आणि ईयोबाचे पुस्तक तिच्याच बाजूने साक्ष देते.

आता नव्या करारात येऊ. यरुशलेमजवळ बेथानी नावाचे खेडे होते. तेथे मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजार राहत. लाजार आजारी पडल्यावर बहिणींनी येशूला निरोप धाडला. तो लगेच निघाला नाही. तो पोहोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर त्याला सामोरी गेली, मरीया घरातच बसून राहिली. एकीला चालावेसे, बोलावेसे वाटले, दुसरीला उठवेना. पण दोघींनी, वेगवेगळ्या वेळी, एकच वाक्य उच्चारले. तो तेथे असता तर भाऊ गेला नसता, हे ते वाक्य.

‘असते तर’ हे शब्द आमच्या रुग्णालयातही रोज उमटतात. वेळेवर आणले असते तर, मोठ्या शहरात नेले असते तर, त्या रात्री आपण जवळ असतो तर. बेथानीच्या बहिणींनी ते थेट प्रभूच्या तोंडावर म्हटले आणि त्याने त्यांना दटावले नाही. वाक्य एक असले तरी त्याने दिलेला प्रतिसाद मात्र एक नव्हता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण तिला बोलायचे होते. मरीयेला पाहून मात्र तो व्याकूळ झाला आणि रडला. आपण लाजाराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही तो रडला. पुनरुत्थान जाणणारा स्वतः जर कबरेकडे जाताना रडला, तर पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून आपण रडू नये, असे कोणाला म्हणता येईल? पौलानेही थेस्सलनीकेच्या मंडळीला शोक करू नका, असा सरसकट हुकूम केलेला नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याने कळवले. आशा असलेला माणूसही शोक करतोच, हे त्यात गृहीत आहे.

शोकात देवाचा शोध केवळ मनाने होत नाही, शरीरानेही होतो, हे एलीया संदेष्ट्याच्या कथेतून कळते. प्राणाच्या भीतीने तो रानात पळाला, एका झाडाखाली बसला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप लागली. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा निजला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर गेला, आणि देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती तेथे. आधी झोप, मग भाकर, मग पुन्हा झोप व भाकर, आणि संवाद त्यानंतर. ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथे शेजारणी डबा घेऊन जातात, चहा करून हातात देतात, मुलांना आपल्या घरी नेऊन निजवतात. त्या कदाचित प्रार्थनेचा एक शब्दही बोलत नसतील. देवदूताचे काम मात्र त्या करीत असतात.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेकडे पाहिले तर या शोधाची फार मोलाची साक्ष सापडते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. विद्वान पित्यासमवेत पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. १८७४ च्या सुमारास थोड्या आठवड्यांच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई गेल्या, पाठोपाठ थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा रमाबाईंना चोवीसही पुरी झाली नव्हती आणि कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुष्कळांना वाटते, की तेथे त्यांचा शोध संपला असेल. त्यांनी स्वतः १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत वेगळेच सांगितले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, असा त्याचा आशय आहे. एवढी विदुषी, एवढी निष्ठावान स्त्री, आणि तिलाही आठ वर्षे लागली. ज्यांचे माणूस जाऊन आठ महिनेही झाले नाहीत त्यांनी आपल्या मनाला देवाची शांती अजून लाभली नाही म्हणून स्वतःला दोष का लावावा?

१८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा, जिच्या घरची माणसे भुकेने गेली होती त्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना त्यांनी घेऊन आणले. केडगावचे मुक्ती सदन त्यांतूनच वाढले. पुढे १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक कन्या मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर सुमारे साडेआठच महिने जगल्या, आणि त्या महिन्यांत मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ज्या विलापस्तोत्रांविषयी आम्ही बोललो त्यांच्या छपाईवर एका पुत्रीवियोगी मातेचा हात फिरलेला आहे, हे स्मरण ठेवण्यासारखे आहे.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ९ मे १९१९ रोजी निधन झाले. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या या स्त्रीने पतीच्या पश्चात त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ज्यांचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकात टिळक पुन्हा चालतात, बोलतात, रागावतात. लक्ष्मीबाई त्यांच्यावर मनमुराद हसतातही. गेलेल्या माणसाची आठवण गंभीर चेहऱ्यानेच काढली पाहिजे असे नाही. त्याच्या खोड्या सांगून हसणे हेही स्मरणच होय.

या दोघींची नावे घेताना आम्हांस एक सावधगिरीचा शब्द उच्चारलाच पाहिजे. दुःखातून थोर कार्य उभे राहिले म्हणून ते दुःख योग्य होते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुष्काळात मेलेल्या आईचा मोबदला संस्थेने होत नाही. आणि प्रत्येक शोकग्रस्ताने काही महान करून दाखवले पाहिजे, अशीही देवाची अट नाही. ज्याने आज अंथरुणातून उठून मुलांचा डबा भरला, त्याची आजची उपासना पुरी झाली.

येथे वैद्यकीय ज्ञानाचाही एक शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. शोक हा आजार नव्हे. झोप न लागणे, भूक न लागणे, गेलेल्याचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे, अचानक रडू कोसळणे, हे बहुतेकांच्या वाट्याला येते आणि कालांतराने त्याची धार कमी होते. परंतु काहीजणांच्या बाबतीत तसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद केली आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या समाजाच्या रीतीभातीत अपेक्षित असते त्याहून पुष्कळ जास्त तीव्रतेने, शोक दैनंदिन जीवन रोखून धरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाय मोडल्यावर आपण प्रार्थनाही करतो आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडेही जातो. मनाच्या बाबतीत वेगळा नियम असू नये. जगणे नकोसे वाटत असेल तर क्षणाचाही विलंब न करता कोणाला तरी सांगावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. एलीयाने मरण मागितले हेही शास्त्रात लिहिलेले आहे, आणि देवाने त्याला ते दिले नाही, भाकर दिली, हेही लिहिलेले आहे.

२०२० आणि २०२१ या कोविडच्या वर्षांत कित्येकांना आपल्या माणसाचा हात शेवटचा हातात घेता आला नाही. मोजक्या चारदोन माणसांत दफन उरकावे लागले, मंडळी जमू शकली नाही, कोणी घरी येऊन बसले नाही. तो शोक अनेक घरांत आजही तसाच, न सोडलेल्या गाठोड्यासारखा पडून आहे. त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की स्मरणाची वेळ टळून गेलेली नाही. आज येथे त्यांचे नाव घ्यावे, त्यांच्यासाठी दिवा लावावा.

आता, ज्यांना प्रार्थनाच करता येत नाही त्यांनी काय करावे? कफर्णहूम गावची एक हकीकत मार्काने सांगितली आहे. एका पक्षघाती मनुष्याला चौघांनी खाटेवर उचलून आणले. गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले. येशूने विश्वास पाहिला तो त्या उचलून आणणाऱ्यांचा. खाटेवरचा माणूस त्या क्षणापर्यंत एक शब्दही बोललेला नाही. शोकाचा पक्षघात झालेल्या माणसाचा विश्वास काही काळ इतरांनी वाहून न्यायचा असतो. ख्रिस्ती मंडळी म्हणजे ते चौघे, आणि आमची अशी श्रद्धा आहे, की चांगले रुग्णालय म्हणजेही ते चौघे.

विसाव्या शतकात सिसिली साँडर्स या इंग्लिश ख्रिस्ती स्त्रीने हेच जाणून, आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर होऊन, १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, कुटुंबाची व आत्म्याचीही असते, आणि तिचा एकत्रित विचार झाला पाहिजे, ही त्यांची शिकवण. भारतातील अशा प्रकारचे पहिले सेवास्थान, शांती आवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. औषधाने बरे करणे शक्य नसले तरी सेवा संपत नाही, हे या कामाने वैद्यकाला शिकवले.

म्हणून विश्वस्तांस व देणगीदारांस आमची विनंती आहे. आपल्या देणग्यांतून यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात, त्यांबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच बरोबर अतिदक्षता विभागाबाहेरची एक खुर्ची, रात्री नातेवाइकांना पाठ टेकायला जागा, प्यायचे पाणी, आणि दुःखद बातमी व्हरांड्यात उभ्याने न सांगता दार लावून बसून सांगता येईल अशी एक लहान खोली, यांचीही नोंद असावी. मृत्यूनंतर बिलाचा कागद पुढे करण्याआधी कुटुंबाला आपल्या माणसाजवळ काही वेळ निवांत बसू द्यावे. याला खर्च थोडा लागतो. पण ‘देव कोठे होता?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा याच रूपाने दिले जाते.

कुटुंबीयांना अखेरचे एवढेच. येशूच्या मरणानंतर दोन शिष्य खिन्न मनाने यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे चालले होते. एक अनोळखी वाटसरू त्यांच्या सोबतीने चालू लागला. काय घडले, असे त्याने विचारले. घडले ते त्याच्यावरच घडले होते, तरी त्याने त्यांच्या तोंडून सारी हकीकत ऐकून घेतली. त्यांनी त्याला ओळखले ते संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, त्याने भाकर मोडली तेव्हा. वाटभर तो बरोबरच होता, ओळख मात्र नंतर पटली. आपल्यापैकी जे आज त्या वाटेवर आहेत, ज्यांना सोबत कोण चालले आहे हे अजून कळत नाही, त्यांनी चालत राहावे, आपली हकीकत सांगत राहावी, आणि सायंकाळी दारी आलेल्याला आत बोलवावे.

योहानाने आणखी एक गोष्ट नोंदली आहे. पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवरील व कुशीवरील घाव तसेच होते. मरणावर विजय मिळाला, तरी घाव पुसले गेले नाहीत. थोमाने त्याला त्या घावांवरूनच ओळखले. आपल्या मनावरील घावही कदाचित कधी पुरते पुसले जाणार नाहीत. ते पुसले गेले पाहिजेत, असे देवाने म्हटलेले नाही.

 ज्यांची नावे आता वाचली जाणार आहेत त्यांना परमेश्वर आपल्या जवळ ठेवो, आणि मागे राहिलेल्यांना एकमेकांचा आधार देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.